गूढ गोधडी आणि पानिपतचं लाल कापड

मला कोडी आवडत नाहीत. रहस्यकथा हातात आली की मी आधी शेवटचं पान वाचते. पाहुण्यांनी आणलेला पुडा त्यांच्यासमोरच सोडून बघते. अशा बाईनं दरवर्षी हौसेनं मिस्ट्री क्विल्ट शिवायला बसावं, हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. तो तिला गूढ गोधडी म्हणतो.

प्रकार असा. दिल्ली आणि आसपासच्या आम्ही काही मराठी बायकांनी गोधड्यांच्या नादापायी एक ग्रुप केला आहे. कोणी गुरुग्रामची, कोणी नोएडाची, मी द्वारकेची. सगळ्यांत मोठ्या आमच्या ताई. जन्म दिल्लीचा, घर मयूर विहारला, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्या वर्षाच्या सुरुवातीला एक नक्षी मनाशी ठरवतात आणि कुणालाही सांगत नाहीत. दर महिन्याला ग्रुपवर फक्त पुढची पायरी टाकतात. गडद कापडाचे इतके त्रिकोण कापा. ते फिकट कापडाला जोडा. आता थांबा. आपण काय शिवतोय हे शेवटच्या पायरीपर्यंत कळत नाही. मी दर महिन्याला फोन करून त्यांना खोदून विचारते आणि त्या दर महिन्याला मला तिळगूळ खा म्हणतात, मग मे महिना का असेना.

वर्षातून एकदा अदलाबदल असते. प्रत्येकीनं आपल्या पसंतीच्या कापडाचे, सगळ्यांना एकेक पुरतील इतके सारखे चौकोन शिवायचे आणि वाटायचे. या चौकोनांना आम्ही ब्लॉक म्हणतो. त्यामुळे प्रत्येकीच्या गोधडीत प्रत्येकीचा हात लागतो. अदलाबदलीला ताईंचा एकच नियम आहे. आलेल्या ब्लॉकला नावं ठेवायची नाहीत. वाकडा असो, तोकडा असो, मुकाट्यानं लावून घ्यायचा. मी या नियमातून पळवाट काढलेली होती. ब्लॉकला नावं ठेवायची नाहीत, पण शिवणारीला ठेवायला कुठे बंदी आहे? कुणाची टोकं जुळली नाहीत, कुणी घाईत दोरा कच्चा सोडला, मी बोलल्याशिवाय राहत नसे.

दुसरा नियम माझा होता. कापड धुतल्याशिवाय कापायचं नाही. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि त्याचा रंग जातो. गोधडी शिवून झाल्यावर हे लक्षात आलं की बसा रडत. हे मी ग्रुपवर इतक्या वेळा लिहिलं होतं की गुरुग्रामची धाकटी मला धोबीघाट म्हणायची. मागून म्हणायची, पण माझ्या कानावर यायचंच.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला आमच्या मराठी मंडळाची बस नेहमीप्रमाणे पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला गेली. स्मारकापाशी डोकं टेकलं, घोषणा झाल्या, डोळेही भरून आले. येताना बस जेवायला थांबली तिथे समोरच कापडाचं दुकान होतं. तिथे मला ते लाल सापडलं. हळदीकुंकवाच्या करंड्यातलं असतं तसं लाल. मी दोन मीटर मागितलं आणि तीन घेतलं. नवरा म्हणाला, "लोक इथे पूर्वजांना वंदन करायला येतात आणि तू खरेदीला." मी म्हटलं, "वंदन आधीच झालंय."

घरी आले तर सोसायटीत पाणी नव्हतं. टँकर उद्या येणार होता, आणि अदलाबदल परवावर आली होती. उद्या धुऊ म्हणून कापड ठेवलं. पण त्याच्या घड्या बघवेनात, म्हणून तेवढी इस्त्री मारून घेतली आणि सवयीनं ते कपाटात ठेवलं. आमच्या घरात इस्त्री केलेलं कापड म्हणजे धुतलेलं कापड. वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय. दुसऱ्या दिवशी मी ते कपाटातल्या धुतलेल्या गठ्ठ्यात पाहिलं, खुशाल कापलं, चौकोनात एकेक तारा असे ब्लॉक शिवले आणि सगळ्यांना वाटले. टोकं अशी जुळली होती की मी त्यांचा जवळून फोटो काढून ग्रुपवर टाकला.

महिने गेले. शेवटची पायरी आली डिसेंबरात. उरलेली सगळी जागा पांढरी, असं ताईंनी लिहिलं होतं. शुभ्र पांढऱ्या जमिनीवर सगळ्यांचे तारे. मी गडद निळं धरून चालले होते, तसं कापडही आणून ठेवलं होतं. पण नक्षी पाहिली आणि मानलं त्यांना. त्याच संदेशात खाली एक ओळ होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईंना सांगितलं होतं की बारीक काम आता फार दिवस जमणार नाही. ही गोधडी नातीसाठी, ती जानेवारीत शिकायला परदेशी चालली आहे, आणि बहुतेक ही माझी शेवटचीच, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक हसरा चेहरा. मला तो चेहरा बघवला नाही.

मी नेहमीप्रमाणे मागे होते. माझे ब्लॉक अजून सुटेच होते. त्या आठवड्यात एके सकाळी ताईंचा संदेश आला: "टाके पूर्ण झाले. आज धुते. ऊन छान आहे." टाके घालताना खडूनं रेघा आखलेल्या असतात, त्या जायला गोधडी एकदा धुवावीच लागते. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र टाकलं आणि माझा लाल तारा इस्त्रीला घेतला. इस्त्रीतून पाण्याचे चार थेंब गळले. तारा उचलला तर खालच्या पांढऱ्या चादरीवर गुलाबी ठिपके उमटलेले.

मी उरलेल्या लाल कापडाची चिंधी वाटीभर पाण्यात टाकली. बघता बघता पाण्याचं कोकम सरबत झालं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले होते. मी लगेच ग्रुपवर लिहिलं: "कोणीही गोधडी धुऊ नका. माझ्या लालचा रंग जातोय. चूक माझी." एकेकीचं उत्तर आलं. ठीक आहे. बरं. काळजी करू नकोस. मला त्यांच्या शांतपणाचं नवल वाटायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष एकाच नावावर होतं. ताईंनी संदेश पाहिलाच नव्हता. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. ताई फोन उशीखाली ठेवून कामाला लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

"अगं, परत लाव," नवरा म्हणाला.

"सहा वेळा लावला."

"मग तू इथून जाईपर्यंत धुऊन होईल ना?"

"त्या आधी भिजत घालतात. भिजली असली तरी लगेच उपसून गार पाण्याखाली धरली तर वाचेल."

चप्पल कुठली घातली तेही पाहिलं नाही. द्वारकेहून मेट्रोत बसले, ती मयूर विहारची नव्हे, वैशालीची निघाली, यमुना बँकला उतरून दुसरी धरली. जागा मिळूनही मला बसवेना. प्रत्येक स्टेशनवर गाडी दारं उघडून उगाच थांबली आहे असं वाटत होतं. डोळ्यांसमोर एकच चित्र: पांढऱ्या जमिनीवर लाल ओघळ, आणि ताई चष्मा कपाळावर चढवून ते नीट दिसतंय का म्हणून जवळ घेऊन बघताहेत. पुन्हा करता येईल असं काम असतं तर मी दहा वेळा करून दिलं असतं. हे पुन्हा होणार नव्हतं. त्या डोळ्यांनी तर नाहीच. मला स्वतःचा इतका संताप आला की शेजारच्या मुलीनं मला विचारलं, "आंटी, तबियत ठीक है?"

ताईंच्या सोसायटीत शिरले आणि मान वर केली. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या बाल्कनीत गोधडी वाळत घातलेली होती. पाणी निथळत होतं. मला उशीर झाला होता.

मग मी नीट पाहिलं. मधोमध माझा लाल तारा होता, आणि त्याच्या भोवतीचं पांढरं पांढरंच होतं. चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पांढरंच. मी तिथेच कुंड्यांच्या कठड्यावर बसले आणि मोठ्यानं हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. गार्ड पाण्याची बाटली घेऊन आला.

ताईंनी दार उघडलं. "अरे, तू? ये ना. फोन तरी करायचास."

मी थेट बाल्कनीत गेले आणि लाल ताऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

"अच्छा, ते होय," ताई म्हणाल्या. "तुझा ब्लॉक आला ना, त्याच दिवशी मी ओल्या रुमालानं पुसून पाहिला. सगळ्यांचेच पाहते. रुमाल लाल झाला. मग उसवला, लाल तुकडे वेगळे केले आणि धूत बसले पाणी साफ येईपर्यंत. आटले थोडे. शिवणीत कापड कमी धरलं, बस."

"आणि बाकीच्यांचे?"

"त्यांना मी तेव्हाच एकेकीला फोन केला. सगळ्यांनी धुऊन घेतलेत."

मला ते सकाळचे शांत संदेश आठवले. ठीक आहे. बरं. काळजी करू नकोस. जवळजवळ वर्षभर सगळ्यांना माहीत होतं, एक मला सोडून.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"आलेल्या ब्लॉकला नावं ठेवायची नाहीत. नियम आहे ना? आणि तुझी गोधडी तू सगळ्यांत शेवटी जोडतेस. धुवायच्या आधी सांगणारच होते." त्या थांबल्या आणि मिश्किल हसल्या. "खरं सांगू? रागावू नकोस. फार बरं वाटलं गं आम्हाला. तू काही म्हण, तुझी टोकं बिल्कुल जुळलेली असतात. तुला ब्लॉक द्यायचा म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. त्यात तुझं लाल सुटलं. गुरुग्रामची धाकटी तर फोनवर इतकी हसली! म्हणाली, आता मी पण उरलेले ब्लॉक पाठवते, घाबरत होते."

मला राग यायला हवा होता. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण मेट्रोत तासाभर जे छातीवर दगडासारखं बसलं होतं ते इतकं एकदम उतरलं होतं की रागाला जागाच उरली नाही. उलट, त्या पोरीला माझी भीती वाटत होती हे ऐकून कुठेतरी खोल टोचलं. तिनं हसून घेतलं हे बरंच झालं, असं मी मनापासून म्हटलं.

ताईंनी चहा टाकला. मग शिवणाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"आलीच आहेस तर एवढ्या सुया ओवून दे. नेढं दिसत नाही मला आता."

"शेवटची होती ना?"

"ही शेवटचीच म्हणत होते. पण पुढच्या वर्षीची नक्षी सुचलीये, काय करू? सुया ओवायला कुणी असलं तर जमेल."

मी ओवायला बसले. एकेका सुईत लांब दोरा घालून ती डब्यातल्या सुयांच्या उशीला टोचून ठेवत गेले. अर्ध्या झाल्यावर न राहवून विचारलं, "नक्षी कसली आहे? मला तरी सांगा."

"तिळगूळ खा," ताई म्हणाल्या.

निघताना मी पुन्हा बाल्कनीत गेले. ताईंची पाठ आहे असं पाहून गोधडीचा खालचा ओला कोपरा मुठीत धरला आणि दुसऱ्या तळहातावर पिळला. पाणी स्वच्छ होतं.