आजोबांचा वजनकाटा

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमधली नर्स तुमच्या आजोबांचं वजन करून गेली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुझ्या नजरेला किती वाटतं?" मी आकडा सांगितला... मुद्दाम जास्त. ते हसले. "मग एवढ्यात उड्डाण नाही." त्यानंतर एका सकाळी, इथे आखातात, अराद गावातल्या आमच्या घरी मी त्यांचे शर्ट इस्त्री करत असताना ते गेल्याचा फोन आला. तेव्हापासून मी स्वस्थ बसलेली नाही. कपाट लावते, पुन्हा उपसते. विमानाचा आवाज आला की गॅलरीत धावते आणि मोठं विमान दिसलं की आत येते.

इरा, नील, आजोबा पायलट होते तर त्यांचा युनिफॉर्ममधला एकही फोटो कसा नाही, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ते एअरलाइनमध्ये नव्हतेच, बाळांनो. इथल्या एका व्यापारी कुटुंबाचं सहा आसनांचं लहान विमान ते चालवायचे आणि त्या घराची कामं करायचे. कुवेतहून लग्नाचे कपडे आणायचे, त्यांच्या मावशीला दम्मामला सोडायचं, दोह्यात कुणी औषध विसरलं तर तेवढ्यासाठी जाऊन यायचं. त्याच घरी गाडीवर असलेले रत्नागिरीचे कासिमभाई त्यांना चिडवायचे, "साहेब, आपण दोघंव डायवरच. माझ्या वाटेवर सिग्नल हाय, तुमच्या नाय, एवढाच फरक."

लहान विमानाला वजनाचा हिशेब चुकलेला चालत नाही, त्यात इथला उन्हाळा. तापलेल्या हवेत ते आणखी कमी उचलतं. पण त्या घरातल्या बायकांना वजन विचारणार कोण? परक्या पुरुषाने विचारायचं नाही, आणि विचारलं तरी खरं कोण सांगणार... म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी बायकांच्या बाजूला कॉफी प्यायला जायची. पायघोळ, सैल अबायामुळे अंगावरून अंदाज येत नसे. मग मी बघायची, सोफा किती दबतो, उठताना हात कशाचा आधार घेतो. घरी येऊन आकडे सांगायची. ते काही न विचारता मांडून घ्यायचे.

एका ऑगस्टमध्ये कुवेतहून निरोप आला. मालकांच्या आईची, उम्म सलमानची, बहीण शेवटच्या घटका मोजत होती. निघायला म्हातारी, दोन मुली, दोन सुना. आणि सोबत खजुराची खोकी, पितळी भांडी, गहू-मटण घोटून केलेल्या हरीसचा मोठा टोप, कारण बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जायची त्यांच्यात रीत नाही. विमानापाशी मी सगळ्यांना डोळ्याखालून घातलं आणि हळूच म्हटलं, "अहो, नाही जमायचं."

त्यांनी मालकांना तसंच सांगितलं. मालक म्हणाले, यल्ला, चला कॅप्टन, इंशाल्ला काही होत नाही. त्यांचं ऐकलं नाही तर नोकरी जायची, नोकरी गेली की व्हिसा गेला, तुमच्या बाबांची शाळा मध्येच सुटली असती. आणि हे सगळं माझ्या नजरेवर! आजोबा हँगरमध्ये गेले, सामान तोलायचा लोखंडी काटा ओढत आणला, आधी स्वतः बॅगेसकट त्यावर उभे राहिले आणि स्वतःचं वजन मोठ्याने वाचलं. कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. मग उम्म सलमान अबाया सावरत पुढे आली, काट्यावर चढली, खाली बघून हसली आणि काहीतरी बोलली. तिच्या मुलीने मला इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, माझी बहीण मला बघायला थांबलीय, भांड्यांना नाही."

भांडी उतरली, टोप उतरला, धाकटी सून आपणहून मागे राहिली. खलास. दोघी बहिणींची भेट झाली. पुढे त्या घरच्या बायका स्वतःच काट्यावर चढायच्या, एकमेकींची थट्टा करत. मला मात्र कॉफीला बोलावणं चालूच राहिलं.

आता मला तुमच्याकडे यायचंय. इथला माझा व्हिसा त्यांच्या नावावर होता. बॅगा भरते, उपसते, पुन्हा भरते. तो काटा निवृत्तीच्या वेळी मालकांनी त्यांना दिला. तो दाराशीच असतो. तुम्ही सुट्टीत यायचात, तेव्हा आत पाऊल टाकायच्या आधी ते तुम्हाला त्याच्यावर उभं करायचे, आठवतं? बॅगा मी त्याच्यावरच तोलतेय. त्याचं स्वतःचं वजन मात्र कशावर करणार... ते नजरेनेच ठरवलं. बरंच भरेल.

आज सकाळी माझी तांब्या-पितळेची भांडी बॅगेतून काढून कासिमभाईंकडे दिली. काटा येतोय.