वाढणारा जबडा

मी दातांना तारा लावणारी डॉक्टर. स्वतःचा दवाखाना कधी काढला नाही. धुळ्याला देवपुरात राहते आणि आठवड्यातले ठरलेले दिवस जळगाव-भुसावळच्या दंतवैद्यांकडे जाऊन पेशंट बघते. मंगळवार भुसावळचा. सकाळची बस धरायची, पारोळा, एरंडोल, जळगाव करत पोचायचं, दुसऱ्याच्या खुर्चीशी काम करायचं, त्याच्याच आतल्या खोलीत एकटीनं डबा खायचा आणि परत निघायचं. आई गेल्यापासून घराला कुलूप मीच लावते, मीच उघडते.

अशाच एका मंगळवारी भुसावळच्या डॉक्टरांनी एक पेशंट माझ्यासाठी बसवून ठेवला होता. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणारे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, यांच्या खालच्या पुढच्या दातांत फटी पडल्यात. एक दात पडलाय तिथे दोनदा कवळी करून दिली, दोन्ही वेळा काही महिन्यांत सैल झाली. तुम्ही फटी बंद करून द्या, मग मी तिथे पक्का दात, ब्रिज बसवतो."

मी तोंड बघितलं. हिरड्या बऱ्या होत्या, दात हलत नव्हते. तरी प्रत्येक दाताशेजारी फट. तोंड मिटल्यावर खालचे दात वरच्यांच्या पुढे येत होते.

"भाऊ, हे आधीपासून असंच आहे?"

"नाही हो ताई. आधी बठ्ठं बराबर व्हतं, एक फट नव्हती."

बोलणं जड येत होतं, जीभ तोंडात मावत नसल्यासारखं. खुर्चीच्या हातावर ठेवलेली बोटं मला फार जाड वाटली. चपलेचा नंबर विचारला तेव्हा ते हसले. "आठचा नऊ झाला, आता दहा लागतो. म्हटलं, वयानं पाय पसरले असतील."

जुना फोटो आहे का विचारलं. त्यांनी खिशातून नोकरीचं ओळखपत्र काढलं. त्यावरच्या माणसाचं कपाळ सपाट होतं, हनुवटी लहान होती. समोर बसलेला माणूस त्याचा थोरला भाऊ शोभला असता.

"घरी कुणी काही म्हणालं नाही?"

"घरी शे कोण म्हणायला?" ते म्हणाले. बायको वारली होती. मुलगी सुरतेला दिली होती. तिच्या सासरी आजारपणं चालू होती, तीन वर्षांत येणं झालं नव्हतं. फोन रोज व्हायचा, पण यांचा फोन बटणांचा, त्यात चेहरा दिसायचा नाही. आवाज जड का येतो विचारलं तर सर्दी म्हणून सांगायचे. माझ्याही चेहऱ्याकडे रोज बघणारं कुणी नव्हतं.

डोक्याचा बाजूनं एक्स-रे काढला. आम्ही तारावाले जबड्याची मापं घ्यायला तो नेहमीच काढतो. कवटीच्या तळाशी एक छोटी खोबण असते, तिच्या मधोमध टिंब दिलं की मापं सुरू होतात. हजारो वेळा मी ते टिंब दिलं असेल. त्या खोबणीत वाढीचं हार्मोन सोडणारी पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते हे कॉलेजात शिकले होते आणि विसरल्यासारखीच होते. त्या दिवशी टिंब देता येईना. खोबण फुग्यासारखी पसरली होती.

भुसावळच्या डॉक्टरांना दाखवलं. ते खाली बसले. "मी दोन वेळा कवळी केली आणि माप चुकलं म्हणून लॅबवर चिडलो," एवढंच म्हणाले.

जळगावच्या एका फिजिशियनना मी फोन लावला. माझी त्यांची ओळख नव्हती. दातांच्या डॉक्टरनं मेंदूबद्दल बोलायचं, म्हणून जीभ अडखळत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चपलेच्या नंबराचंसुद्धा, आणि म्हणाले, "उद्याच पाठवा. आणि हाडं वाढायची थांबेपर्यंत तारा लावू नका."

रक्ताच्या तपासणीत वाढीचं हार्मोन फार चढलेलं निघालं. एमआरआयमध्ये ग्रंथीवर गाठ दिसली. साधी, कॅन्सरची नव्हे, पण डोळ्यांच्या नसेपर्यंत पोचलेली. ऑपरेशन नाशिकला, नाकातून. जवळचं माणूस हवं म्हटल्यावर ते नको नको म्हणत राहिले. शेवटी त्यांची परवानगी घेऊन मुलीला मीच फोन केला.

मुलगी गाडीनं आली. पुढच्या मंगळवारी दोघं दवाखान्यात आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. बाबा आत गेल्यावर ती मला म्हणाली, "स्टेशनवर ते माझ्यासमोर उभे होते. मी त्यांना ओलांडून पुढे गेले, मॅडम. त्यांनी हाक मारली तेव्हा कळलं."

ऑपरेशनच्या दिवशी मी बसमध्ये होते. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली असताना फिजिशियनचा फोन आला. "गाठ निघाली. शुद्धीवर आलेत, दिसतंय नीट." मला रडू आलं. कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. फोनमधली नावं खालपर्यंत बघितली आणि फोन पर्समध्ये ठेवला.

पुढे वर्षभर आम्ही थांबलो. दर काही महिन्यांनी फिजिशियन फोनवर रिपोर्ट वाचून दाखवायचे, मी एक्स-रे ताडून बघायचे, मग भुसावळच्या डॉक्टरांना कळवायचे. हार्मोन खाली येऊन तिथेच टिकलं तेव्हा फिजिशियन म्हणाले, "आता तुमचं काम." मी तारा लावल्या. बोटं थोडी उतरली होती. हाड मात्र मागे येत नाही. जबड्याचं ऑपरेशन करता येईल असं मी सांगितलं. ते म्हणाले, "नको ताई. घास चावता आला म्हणजे झालं." फटी बंद झाल्या, ब्रिज बसला. नंतर ते मुलीजवळ सुरतेला राहायला गेले.

शेवटचे फोटो मी दोन्ही डॉक्टरांना पाठवले. फिजिशियननी लिहिलं, "छान झालं. एकदा भेटू या." मीही हो म्हटलं. दीडेक वर्ष आम्ही सतत बोलत होतो, एकदाही समोरासमोर आलो नव्हतो. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. यायला काही कारणही उरलं नव्हतं. मंगळवारी बस जळगावला थांबते तेव्हा त्यांचा दवाखाना कुठल्या बाजूला असेल, असं मनात येतं. उतरून शोधला मात्र अजून नाही.