साडभाऊच्या पिंजऱ्यातली जाळी

गोंदियात रिकामटेकडे खूप पाहिले, पण माझ्या साडभाऊएवढा कामात बुडालेला रिकामटेकडा दुसरा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राइस मिलमधून सुटल्यापासून कॅनरी नावाची पिवळी पाखरं पाळतो. जन्मभर तांदळातले खडे ओळखले, आता मादीच्या मनातलं ओळखत बसतो. पिंजऱ्यात मधोमध जाळी; अलीकडे नर, पलीकडे मादी. नर पंख सैल सोडून, गळा फुगवून सकाळपासून गातो, जाळीतून तिला दाणा भरवायला बघतो, तरी हा जाळी काढत नाही. "नर तं केव्हाही तयार रायते जी. मादीनं चोचीत धागा धरून घरट्याले जागा धुंडली पायजे," असं मला शिकवतो. धाग्यांसाठी आधी पोती उसवली, मग बायकोच्या लुगड्याचा काठ. माझी साळी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "मले पाहाले आले तं चाय सरायच्या आत, मले न इचारता हो म्हनलं. अन् या चिमनीले महिनाभर इचारून राह्यले."

मी शाळा दुसरीत सोडली, पण आमच्या चोरखमारा गावी जन्मभर कोंबड्या पाळल्या. कोंबडा कधी कोणाला विचारायला थांबला नाही. दिवाळीनंतर एकदा साडभाऊ बाजारात गेला आणि मी ती जाळी ओढून काढली. नर गातच पुढे सरकला. मादीनं त्याला असा धरला की पिसं माझ्या चहात पडली. साळीनं धावत येऊन जाळी परत घातली. नर कोपऱ्यात बसला, डोक्याला टक्कल, गाणं बंद.

साडभाऊ आला, पाहिलं, एवढंच म्हणाला, "घाई केली जी भाऊजी." रागावला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते. तेवढीही सोय ठेवली नाही त्या माणसानं.

संक्रांत गेली तरी नर गायला नाही. साडभाऊ मात्र रोज पहाटे पिंजऱ्यावरचा कपडा काढून कान लावून बसतो. मूर्ख आहे, हे मी आजही म्हणतो. फक्त गोंदियाला जाताना माझ्या दुपट्ट्याचे चार दोरे खिशात असतात. दुपट्टा अर्धा कुठं गेला असं बायको विचारते. उंदरानं खाल्ला म्हणतो.

परवा मादीनं त्यातलाच एक दोरा चोचीत धरला आणि पिंजराभर हिंडली. मी जाळीकडे पाहिलं. साडभाऊनं हात लावला नाही.

"तो गाईल तवा काढू," म्हणाला.

नर मुकाच होता. माझी दुपारची बस निघून गेली. मीही बसून राहिलो.