भिजलेला कोळसा

काल संध्याकाळी राजदीप कामावरून घरी आला तेव्हा त्याच्या डाव्या पायात चप्पल नव्हती, आणि मी सांगेपर्यंत हे त्याला ठाऊकच नव्हतं. चप्पल फाटकाजवळ पडली होती. ती मी उचलून आणली, पण मन अजून फाटकापाशीच आहे.

राजदीप माझा मुलगा, वय सव्वीस. वणीजवळ एका खाजगी वजनकाट्यावर कोळशाचे ट्रक मोजतो. पावसाळ्यात कोळसा पाणी पितो, वजन चढतं, आणि नवखा माणूस जास्त माल भरला म्हणून ट्रक अडवतो. राजदीप खुर्चीतून उठून ट्रकवर चढतो, चुरा मुठीत दाबतो. पाणी निथळलं की ड्रायव्हरला म्हणतो, "माल नाही वाढला बाप्पा, पाणी वाढलं. सुकू दे, मग मोजू."

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात उजवीकडे गाठ निघाली. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे प्रोटॉनचे किरण. नंतरच्या एमआरआयमध्ये त्याच जागी नवा पांढरा डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, बहुधा किरणांमुळे आलेली सूज असेल. गाठ परत आली असंही असू शकतं. एका फोटोवरून ठरत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा काढू. मात्र डोकं जास्त दुखलं, हातपाय कमजोर वाटले, तर केव्हाही फोन करा.

मी बीएस्सी झालेली बाई. एवढ्या सगळ्यातला 'केव्हाही' तेवढा नीट लक्षात ठेवला. केस एकाच बाजूला विरळ का, फोन. दुपारी तीन तास झोपला, फोन. उचकी लागली, फोन. अकराव्या वेळी सिस्टर नाव न विचारताच म्हणाल्या, "बोला, राजदीपची आई." ते त्याने ऐकलं.

"आई, त्या सिस्टरले दुसरे पेशंट नाहीत का? काहून मले लाजवून राह्यली?"

"उचकी थांबत नव्हती रे."

"तुझ्या ठेच्याची उचकी होती ते! आता मले विचारल्याशिवाय फोन नाही. शब्द दे."

दिला. आणि महिन्याभरात चप्पल पडली.

"ढिली झाली असन," तो काल म्हणाला.

"मग उजवी कशी नाही झाली?"

"तू काट्यावर पाहिजे होती! अवो, भिजला कोळसा आहे तो डाग. डॉक्टरच म्हणाले ना, थांबा. सुकू दे."

बोलला आणि जेवायला बसला. मला हसू आलं, वर समाधानही करून घेतलं.

आता तो झोपलाय. मी दोन्ही चपला उजेडात शेजारी ठेवल्या. सोबतच घेतलेल्या, दिवाळीत. डावीचं पुढचं टोक घासून पातळ झालंय. उजवीचं जसंच्या तसं. डावा पाय फरफटतोय, तोही कालपासून नाही. आणि डावं अंग चालवतो तो मेंदूचा उजवा भाग, जिथे गाठ होती.

दुसऱ्याचा कोळसा हा मुलगा मुठीत दाबल्याशिवाय भिजलेला म्हणत नाही. स्वतःच्या डोक्याचा निकाल मात्र त्याने खुर्चीत बसूनच दिला. आणि मी, उचकीसाठी धावले ती, आज तासभर विचार करतेय की सिस्टर काय म्हणतील.

हसतील. हसू देत. सूज असली तर औषध आहे, दुसरं काही असलं तर ते तीन महिने कशाला थांबेल? शब्द मोडल्याबद्दल सकाळी राजदीपची बोलणी खाईन.

साडेअकरा वाजलेत. डॉक्टर केव्हाही म्हणाले होते. बारावा फोन आत्ताच करते.