घरट्याचा पत्ता

शेवटच्या संध्याकाळीही आम्ही भांडतच नाल्यापर्यंत गेलो. शांताच्या गळ्यात दुर्बीण, माझ्या हातात चहाची किटली. मी पांढरा शर्ट घातला म्हणून तिने मला दारातूनच परत पाठवलं आणि मातकट रंगाचा घालायला लावला. "घुबडाच्या लग्नाले चाललो काय आपण?" मी म्हटलं. ती म्हणाली, "बोला कमी, पाय उचला."

शांता माझी बायको. बाभुळगावकडच्या शाळांत मास्तरीण होती. मी चौथी नापास. रिटायर झाल्यावर बायका देवदर्शनाला जातात, ही पाखरांच्या मागे लागली. यवतमाळपासून मुकुटबनपर्यंत दुर्बीण लटकवून फिरणारी जेवढी माणसं, सगळी तिला मावशी म्हणत. पहाटेच अंगणात येऊन बसत. चहा करायचा मी, आणि साखर कमी पडली की बोलणी खायची मीच.

तिचा एकच कायदा होता. घरट्याचा पत्ता कोणाला द्यायचा नाही. तो उगाच आला नव्हता. त्यांच्यातल्याच एका डॉक्टरानं मागे आमच्या नाल्यातल्या घुबडाच्या पिलांचा फोटो मोबाईलवर टाकला. जागा लिहिली नव्हती, पण पिलांच्या मागे आमच्या वावरातली निळी पाण्याची टाकी दिसत होती. आठवड्यात गाड्या लागल्या, माणसं नाल्यात उतरली. मोठं घुबड घाबरून फिरकलंच नाही. पिलं मेली. डॉक्टर माफी मागायला आला तर ही म्हणते, "मले कायले मागता? त्या पिल्लाइले मागा." तो बिचारा अंगणातच रडला. तरी हिनं त्याला चहा विचारला नाही. शेवटी मीच दिला.

यंदा घुबड परत आलं. जागा मात्र तिने मलाही सांगितली नाही. वावर माझं, नाला माझ्या बांधाला लागून, आणि मला बांधावर बसवून ही एकटी पुढे जायची.

"मी चोर आहो काय?"

"चोर नाही. पण तुमी पानठेल्यावर बसता, अन् बसले का बोलता."

त्या संध्याकाळी गुडघा दुखत होता म्हणून तिला माझा हात धरावा लागला. दरडीच्या कपारीत दोन पिलं होती. कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखी पांढरी, आणि तोंडं उधारी मागायला आल्यासारखी. "याच्यासाठी एवढं?" मी विचारलं. तिने दुर्बीण माझ्या हातात दिली. "पाहा तं आधी." मी पिलं पाहत होतो, ती मला पाहत होती. मग म्हणाली, "चला. याइची माय वाट पाहून राह्यली असन. आपण गेल्याबिगर ते येत नाही."

त्याच रात्री ती झोपेत गेली.

स्मशानात सगळी पाखरंवाली माणसं आली होती. परतताना डॉक्टरानं मला बाजूला घेतलं. "काका, मावशींचं शेवटचं घरटं तुम्हाला माहीत असेल. आम्ही लांबूनच पाहू. तिथं हात जोडू." रडून त्याचे डोळे सुजले होते. माणूस खोटा नव्हता. मलाही सांगावंसं वाटलं. तिची बाकी सगळी माहिती या लोकांना माझ्यापेक्षा जास्त होती, एवढी एकच माझ्याजवळ होती.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "हात जोडाचेच असतीन तं इथंच जोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातले पाहुणे उठायच्या आत मी निघालो. पिलं पाहायची नव्हती. ती बसायची तिथं जरा बसायचं होतं. बांधापर्यंत गेलो आणि मागे पाहिलं. धुळीत माझ्या चपलांचे ठसे सरळ नाल्याकडे चालले होते, आंधळ्यालाही समजतील असे. तिला तोंड भरून शिव्या दिल्या. मेल्यावरही सुखानं बसू देत नाही ही बाई.

तिथूनच वळलो. गावाला वळसा घालून दुसऱ्या वावरात गेलो आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला लागलो. "सुतकात कोणी वावरात येते काय?" म्हणत भाऊ शोधत आला, तोवर बरीच ओळ उपटून झाली होती.