गौरीचा पिवळा डूल

शेजारच्या शालिनीकाकूंच्या गौरी गाईच्या कानात परवापासून पिवळा डूल आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी भलामोठा नंबर छापलेला तो बिल्ला चापानं कच्चकन बसवला आणि गौरी हंबरली. काकूंनी हे नातीचे कान टोचल्यासारखंच मनावर घेतलं. भोकाभोवती हळद-तेल लावलं, गौरीला गुळाचा खडा दिला आणि डॉक्टरांच्याही हातावर एक ठेवला.

"बिल्ला फुकट आहे, काकू," डॉक्टर म्हणाले. "आता ही कुठंही गेली तरी कुणाची ते कळेल."

फुकट कसलं! त्या संध्याकाळी गौरीनं पान्हा चोरला. काकूंनी कास कोमट पाण्यानं धुतली, वासरू सोडलं, पाठीवरून हात फिरवला. पण दुधानं बादलीचा जेमतेम तळ झाकला. मी तांब्या घेऊन दारात उभा.

"आज चहा कोराच प्या," काकू म्हणाल्या. "बिल्ल्याची किंमत तिनं तुमच्याकडून वसूल केलीय."

कोरा चहा पिताना मला हसू येत होतं. हल्ली आपल्यालाही कुठं गेलं की आधी नंबर सांगावा लागतो, आणि तो सांगताना आपलाही कान जरासा दुखतोच की.

आज सकाळी गल्लीच्या टोकाला डॉक्टरांची फटफटी वाजली. डॉक्टर अजून दिसलेही नव्हते. गौरीनं रवंथ करणं थांबवलं, मान वळवली आणि डूल घातलेला कान काकूंच्या पदराआड दडवला. त्यांना ओळखायला तिला नंबर लागलाच नाही.