पंक्चर आणि पिण्याचं पाणी

लातूर जिल्हा झाला तसं आमच्या गल्लीतल्या दुकानावर 'जिल्हा सायकल केंद्र' अशी पाटी चढली. आतले पान्हे मात्र तालुक्याच्याच काळातले होते. पुढे एका दुष्काळात टँकरचं पाणी मी सायकलवरून आणत असे. एक दिवस नेमकं तिचंच चाक बसलं, तशी ती ढकलत दुकानवाल्या मामाकडे नेली.

"मामा, जल्दी पंक्चर काढा. टँकर यायलाय."

"पाणी आणलाव का, सर? टबात टिपूस न्हाई. ट्यूब कशात बुडवू?"

"अहो, पाणी आणायलाच सायकल पाहिजे!"

"हाव. मग घरचं आणा."

पिण्यासाठी राखलेली कळशी मी त्या काळ्या टबात ओतली. मामाने ट्यूब बुडवली, ठिगळ लावलं. टँकरवर दोन घागरी भरून निघालो आणि चाक पुन्हा बसलं. सायकल ढकलत दुकानाशी आलो, तर घागरी पाहून मामा खूश.

"आता भरपूर पाणी हाय, सर. निवांत बघू."